खाणीच्या पाण्याचा अर्ज परत आला तेव्हा

कणकवली तालुक्यात आमची सिलिका वाळूची जुनी खाण. भूजल उपशाच्या परवानगीसाठी अर्ज केला. वाळू धुवायला लागणारं बोअरवेलचं पाणी त्यात दाखवलं, तरी अर्ज त्रुटी लावून परत. खड्ड्यातून पंपाने उपसून व्हाळात, म्हणजे ओढ्यात सोडतो, ते पाणी मी धरलंच नव्हतं! खाण भूजल पातळीखाली गेली की तो उपसाही मोजावा लागतो. केंद्रीय भूजल प्राधिकरणाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत चालू खाणीही येतात.

मग पंपाच्या पाइपवर मीटर बसवला. रोज सकाळी आकडा वहीत. खालच्या वाडीच्या विहिरीत टेप सोडून पातळीही मोजली. हे कोणी सांगितलं नव्हतं, पण मे महिन्यात वाडी त्याच विहिरीवर जगते. धुण्याचं आणि उपशाचं पाणी वेगळं दाखवून अर्ज पुन्हा भरला. या वेळी त्रुटी निघाली नाही.