आधी विचारा, हा कोड कुणाच्या मशीनवर चालतोय?

वेब डेव्हलपमेंट शिकायला बसलेल्याला पहिला प्रश्न पडतो तो भाषेचा. आधी पायथन की जावास्क्रिप्ट? रिअ‍ॅक्ट, म्हणजे जावास्क्रिप्टने पानं बांधायचं तयार साधन, लगेच घेऊ का? यावर लोक तासन्‌तास वाद घालतात आणि त्या वादातून कुणाचं एक पानही उभं राहत नाही. एचटीएमएल (पानाचा सांगाडा), सीएसएस (त्याचं रूप), मग जावास्क्रिप्ट (त्यातली हालचाल) हा क्रम तुम्ही ऐकलेला असणारच. तोच बरोबर आहे. पुढे जाऊ.

मी बीकॉम. सांगलीहून पुण्यात आलो तो अकाउंट्सच्या नोकरीसाठी, कोडिंग रात्री शिकलो. इंजिनिअरिंगच्या पोरांना कॉम्प्युटर नेटवर्क्स नावाचा विषय असतो. परीक्षेपुरता घोकलेला का असेना, सर्व्हर म्हणजे मागेल त्याला पान पाठवणारं यंत्र किंवा प्रोग्रॅम, हे निदान कानावरून गेलेलं असतं. आपल्यासारख्यांचं घोडं तिथेच अडतं, आणि ‘झीरो टू हीरो’ छापाचे व्हिडिओ त्या जागेवरून सुसाट पुढे निघून जातात.

कर्वेनगरात ज्या मेसमध्ये जेवायचो, तिथल्या काकूंसाठी एक साइट करायला घेतली होती. आजचा मेनू, डब्याची ऑर्डर, बस्स. लॅपटॉपवर सगळं झकास चालत होतं. काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली. त्यांचा फोन आला, “अरे, ते काही उघडत नाहीये. माझ्या मोबाइलला काय झालंय का?” मोबाइल धडधाकट होता. लिंक होती लोकलहोस्ट ३००० ची.

आता हे जरा सावकाश सांगतो, कारण वेब शिकताना पुढे होणाऱ्या निम्म्या भानगडी याच्याच भाऊबंद आहेत. लोकलहोस्ट हा पत्ता प्रत्येक यंत्रावर त्या यंत्राकडेच वळतो. त्याचा आकड्यांतला पत्ता १२७.०.०.१, आणि तो जगात सगळीकडे हाच. काकूंनी लिंक दाबली तेव्हा त्यांच्या फोनने स्वतःलाच विचारलं, ‘३००० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे माझ्याच ३००० नंबरच्या दारात, कुणी आहे का?’ तिथे कोण असणार? माझा सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर, आणि तोही झाकण उघडं असेपर्यंतच.

मग साइट गिटहब पेजेसवर, म्हणजे साइटच्या फाइली ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, चढवली. फुकट असतं, नवशिक्यासाठी उत्तमच. पान दिसलं, पण थाळीचे फोटो गायब. फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल, कोडमध्ये स्मॉल. विंडोजला त्याचं सोयरसुतक नसतं, ते दोन्ही एकच मानतं. पण वेबवरचे बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात आणि लिनक्सच्या लेखी त्या दोन वेगळ्या फाइली. एका फोटोचा पत्ता तर सी ड्राइव्हपासून सुरू होत होता. माझ्या सी ड्राइव्हवरचा फोटो काकूंच्या फोनला कसा मिळावा?

फोटो लागले, तर ऑर्डर जाईना. गिटहब पेजेस फक्त तयार फाइली वाढतं, तिथे नोडचा किंवा पीएचपीचा, म्हणजे सर्व्हरवर चालणारा, प्रोग्रॅम चालत नाही. हे त्यांच्या माहितीत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण ‘प्रोग्रॅम चालवणं’ आणि ‘फाइल देणं’ ही दोन वेगळी कामं आहेत हेच ज्याला उमगलेलं नाही, त्याला ते वाक्य वाचूनही काही बोध होत नाही.

तेव्हा हे डोक्यात पक्कं बसवा. ब्राउझर मागणी करतो. दूरवरचा सर्व्हर उत्तरादाखल एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट पाठवतो. ते जावास्क्रिप्ट चालतं बघणाऱ्याच्या फोनवर, तुमच्या मशीनवर नाही. म्हणजे त्यात तुम्ही जे काही लिहाल ते त्याच्या हातात गेलं. मेनू बदलण्याच्या पानाला पासवर्ड लावलात आणि तो जावास्क्रिप्टमध्येच ताडून पाहिलात, तर कुणीही एफ१२ दाबून, म्हणजे ब्राउझरमधली डेव्हलपरची साधनं उघडून, तो वाचू शकतो. डब्यांचा हिशेब फक्त ब्राउझरात केलात, तर एखादा आगाऊ पोरगा ८० चा डबा ८ रुपयांना करून ऑर्डर पाठवेल. हिशेब सर्व्हरवर पुन्हा करायचाच. ताटात वाढलेलं गिऱ्हाईक बघणार, हात लावणार, मागेही सारणार. कोठीघराची किल्ली ताटात ठेवायची नसते.

पुढे रिअ‍ॅक्टला पोचाल तेव्हा हाच सापळा वेष पालटून येतो. एखाद्या सेवेची गुप्त की (पासवर्डसारखी किल्ली) डॉट ईएनव्ही नावाच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ठेवली म्हणजे ती लपली, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतील. सर्व्हरच्या बाबतीत ते ठीक आहे. पण वीट (Vite) हे साइट बांधायचं साधन वापरून केलेल्या साइटमध्ये, त्या फाइलीतल्या ज्या नोंदी नावाच्या सुरुवातीला ‘VITE_’ लावून कोडमध्ये वापरता, त्या बांधणीच्या वेळी थेट जावास्क्रिप्टमध्ये उतरतात. कोडमध्ये शोधल्या की सापडतात. फाइलचं नाव बघू नका, तो कोड कुठे चालणार ते बघा.

अंगवळणी पडावं म्हणून एक काम करा. रोज वापरता अशी एखादी साइट कॉम्प्युटरवर उघडा, एफ१२ दाबा, नेटवर्क टॅबमध्ये जा आणि पान पुन्हा लोड करा. ओळींवर ओळी पडतील. एकेक ओळ म्हणजे एकेक मागणी. ‘स्टेटस’च्या रकान्यातला आकडा २०० असेल तर मिळालं. ४०४ असेल तर त्या पत्त्यावर ती गोष्टच नाही. ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे घोळ बहुतेक मागण्यातच आहे, ५ ने सुरू होणारा म्हणजे सर्व्हरच्या बाजूला. ‘साइझ’च्या रकान्यात वजन दिसतं. मोबाइलने काढलेला थाळीचा फोटो ३-४ एमबीचा असतो, तो तसाच चढवला की मेनू उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या मेसला फोन लावतो. याच टॅबमध्ये नेट मुद्दाम संथ करायची सोय आहे. ती लावून स्वतःची साइट बघा, मस्ती उतरते.

हे सगळं जुनाट वाटेल, पण टिकतं तेच. जेक्वेरी हे जावास्क्रिप्टचं साधन २००६ चं, रिअ‍ॅक्ट २०१३ चं, उद्या आणखी काही येईल. टिम बर्नर्स-लीने १९९१ मध्ये वेब जगापुढे ठेवलं तेव्हापासून मागणी आणि उत्तर ही रीत मात्र कायम आहे. उलट साधनं कशी शिळी होतात बघा. रिअ‍ॅक्टच्या कितीतरी व्हिडिओंची सुरुवात क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप या नवीन प्रोजेक्ट उभारून देणाऱ्या साधनाने होते, आणि रिअ‍ॅक्टवाल्यांनीच २०२५ च्या सुरुवातीला ते बाद ठरवलं. व्हिडिओची तारीख बघितल्याशिवाय टर्मिनलला, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीला, हात लावू नका.

मराठी वाचकांसाठी एक वेगळीच खोड सांगतो. ‘डबे किती?’ या साध्या चौकटीत काकूंच्या एका गिऱ्हाइकाने मराठी कीबोर्डवरून २ टाइप केलं. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडा हा आकडा वाटतच नाही, तो मजकूर वाटतो. त्याची संख्या करायला गेलं की ‘नॅन’ (NaN, ‘ही संख्या नाही’) मिळतं आणि एकूण रकमेच्या जागी तेच छापलं जातं. इंग्रजी व्हिडिओत हे कुणी सांगणार नाही, त्यांच्या गावीही नाही. गुणाकार करण्याआधी देवनागरी आकड्यांचे इंग्रजी आकडे करून घ्यायचे, चार ओळींचं काम.

इंग्रजीची धास्ती असेल तर ती आत्ताच सोडा. एरर वाचायला साहित्यिक इंग्रजी लागत नाही. ‘अनडिफाइन्ड’, ‘नल’, ‘इज नॉट अ फंक्शन’, असे तेच तेच शब्द फिरून येतात. लाल मजकुरातली पहिली ओळ, फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर, एवढं वाचा. मराठी माध्यमातून आलेली कितीतरी मंडळी हे लीलया करतात. महागडा लॅपटॉपही लागत नाही. फक्त मोबाइलवर मात्र शिकू नका. होतं म्हणणारे आहेत, पण जीव मेटाकुटीला येतो.

आता क्लास. पुण्यात ‘१०० टक्के प्लेसमेंट’चे बोर्ड जागोजागी दिसतात. मला ते पटत नाहीत. एमडीएन, फ्री कोड कॅम्प, द ओडिन प्रोजेक्ट या वेब शिकायच्या साइट, हे सगळं फुकट आहे आणि चांगलं आहे. क्लासची फी खरं तर रोज ठरल्या वेळी कुणीतरी बसवतं याची असते. ती गरज असेल तर खुशाल भरा, पण हप्त्याच्या कर्जावर नको. आणि नोकरी देताना मूळ मार्कशीट जमा करायला सांगणाऱ्या कंपनीच्या पायऱ्या उतरून सरळ बाहेर या.

गुरू निवडताना एक खूण बघा. तुमचा कीबोर्ड स्वतःकडे ओढून दोन मिनिटांत दुरुस्त करून देणारा दादा प्रेमळ असतो, पण त्याच्याकडून काही शिकायला मिळत नाही. मला घडवलं ते एका ताईने. ती कधीच उत्तर द्यायची नाही, एवढंच विचारायची, “नेटवर्क टॅबमध्ये काय दिसतंय?” राग यायचा. चॅटजीपीटी हा तर कीबोर्ड ओढून घेणाऱ्या दादाचाही दादा. त्याने दिलेला कोड चुकीचा असतो असं नाही, पण तो तुम्ही ब्राउझरात चिकटवताय की सर्व्हरवर, हे सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. जे सांगायचं ते तुम्हालाच माहीत नसेल, तर तोही काय करणार?

नोकरीचं खरं सांगायचं तर वाट सोपी नाही. हिंजवडीतल्या मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत आधी पदवीची आणि टक्क्यांची चाळणी लागते, बीकॉमवाला बऱ्याचदा तिथेच गळतो. छोट्या एजन्सी मात्र काम बघतात. त्यांना एकसारख्या दहा टू-डू लिस्ट, म्हणजे कामांची यादी ठेवणारे सरावाचे प्रोजेक्ट, दाखवू नका. खऱ्या माणसाची, खऱ्या पत्त्यावर चालणारी एक साइट दाखवा, आणि ती कुठे अडली होती ते सांगता आलं पाहिजे. मला मुलाखतीत थाळीच्या फोटोंबद्दलच विचारलं होतं.

ओळखीतल्या कुणाची अशी साइट कराल तेव्हा डोमेन, म्हणजे साइटचा नावाचा पत्ता, त्यांच्याच नावावर, त्यांच्याच ई-मेलवर आणि त्यांच्याच पैशांनी घ्या. तुमच्या नावावर घेतलंत तर वर्षाने रिन्यूअलची मेल तुम्हाला येते, ती तुमच्या नजरेतून सुटते, आणि साइट बंद का म्हणून भर दुपारी जेवणाच्या गर्दीत फोन येतो तोही तुम्हालाच.