पायथन शिट्टी वाजवतोय: माझी चुकलेली पहिली केस

आणंदला बीव्हीएससी, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकीची पदवी, करताना गाई-म्हशींचं सगळं घोकून घेतलं आमच्याकडून, सापाच्या वाट्याला आली असतील तीन-चार लेक्चरं. त्यामुळे बडोद्यात क्लिनिक टाकलं आणि पहिला बॉल पायथन, म्हणजे आफ्रिकेतला छोटा अजगर, टेबलावर आला तेव्हा माझेच हात गार पडले. इंटर्नशिपची मुलं विचारतात साप कसा बघायचा, तर मी जी केस चुकवली तीच सांगते.

मांजलपूरचा मुलगा, कॉलेजला जाणारा. "मॅडम, हा शिट्टी वाजवतोय." डोळे जरा दुधाळ दिसले, म्हटलं कात टाकायला आलाय, नाकपुडीत जुनी कातडी अडकली की असा आवाज येतो, कात पडली की जाईल. आता हे खोटं नाही, होतं असं. पण कात पडली, अख्खी, आणि शिट्टी चालूच, आणि तो बिचारा वाट बघत बसला कारण मीच सांगितलेलं ना. दहा दिवसांनी परत आला तेव्हा साप मान वर करून बसलेला, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कडेला चिकट बुडबुडे. सापाला आपल्यासारखा छातीचा पडदा नसतो, त्यामुळे जोरात खोकून कफ बाहेर टाकणं त्याला जमत नाही, साचतो तो आतच. मान वर ठेवली की श्वास जरा सोपा जातो, म्हणून ती पोझ. कात पडल्यावरही आवाज राहिला तर एक दिवसही थांबू नका.

मग विचारलं ते, जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. टँकमध्ये टेम्परेचर किती? तर उत्तरायणचे, म्हणजे पतंगांचे, दोन दिवस अख्खं घर गच्चीवर, खालच्या खोलीची खिडकी सताड उघडी, आणि हीट मॅटचा प्लग काढून कोणीतरी तिथे स्पीकर लावलेला! बॉल पायथनला गरम बाजू ३१-३२ डिग्री लागते, गार बाजू २५-२७, ह्युमिडिटी साधारण ६० टक्के. आपल्याकडे जानेवारीत रात्री काय होतं माहितीच आहे. अंग गार पडलं की सापाची प्रतिकारशक्तीच मंदावते आणि तोंडात एरवी गप्प बसलेले बॅक्टेरिया उचल खातात. काचेला चिकटवायचे ते गोल डायलवाले थर्मामीटर फेकून द्या, प्रोबवाला डिजिटल घ्या आणि प्रोब साप जिथे बसतो तिथे खाली ठेवा.

तपासताना एक युक्ती. स्टेथोस्कोप सरळ लावला तर खवल्यांची खरखर इतकी येते की काही कळत नाही, मध्ये ओलं फडकं ठेवा. तोंड उघडायला मी जुनं एटीएम कार्ड वापरते, धातूचं काही नको, दात तुटतात. जिभेच्या मागेच श्वासनळीचं भोक दिसतं, तिथे फेस किंवा पू आहे का बघायचं. एक्स-रे काढला, श्वासनळी धुऊन सॅम्पल कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखायला, पाठवलं, स्यूडोमोनास हा बॅक्टेरिया आला, म्हणजे श्वसनमार्गाचं इन्फेक्शन.

औषध सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक, २० मिलिग्रॅम किलोला, दर ७२ तासांनी. साप १२०० ग्रॅमचा, म्हणजे २४ मिलिग्रॅम. वजन अंदाजे धरू नका, उशीच्या अभ्र्यात घालून किचनच्या काट्यावर ठेवा. इंजेक्शन शरीराच्या डोक्याकडच्या एक तृतीयांश भागात, कारण मागच्या भागातलं रक्त आधी किडनीतून फिरतं, आणि बाजू आलटून-पालटून. एन्रोफ्लॉक्सॅसिन हे दुसरं अँटिबायोटिकही चालतं पण टोचलेल्या जागी चांगलंच दुखतं, कातडी खराब होते. भरलेल्या सिरिंजा मी फ्रीझ करून दिल्या, तर त्याच्या आईने फ्रीझर उघडून मला फोन, "सापाचं औषध माझ्या मटारांशेजारी?" शेवटी सिरिंजा स्टीलच्या डब्यात गेल्या, वर चिकटपट्टी, "हात लावू नये".

बाकी काय, तेवढे दिवस उंदीर नाही, फक्त पाणी, आणि टँक रात्रंदिवस उबदार, कारण गार सापाला औषध दिलं तर ते अंगी लागतच नाही. औषध देऊनही फरक नसेल तर निडोव्हायरस, म्हणजे सापांच्या श्वसनमार्गाचा व्हायरस, मनात धरा, बॉल पायथनमध्ये तो २०१४ पासून माहीत आहे आणि त्यावर औषध नाही. घरात दुसरे साप असतील तर लगेच वेगळे करा, हाताळायचे ते आजारी साप सगळ्यात शेवटी.

आणि हो, कागद विचारा. बॉल पायथनसारख्या परदेशी सापाची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, आणि कोणी धामण किंवा आपला अजगर पाळीव म्हणून घेऊन आलं तर ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चालत नाही, सरळ वनखात्याला फोन.

कोर्स चार आठवडे चालला. मार्चमध्ये सापाने उंदीर खाल्ला, मुलाने रात्री अकराला व्हिडिओ पाठवला, "आवाज नाही ना मॅडम?" मला तर सूंऽऽ ऐकू आलं. पोटात गोळा. मग नीट बघितलं तर मागे पंखा फिरत होता. म्हटलं, पंखा बंद कर आणि परत पाठव.