टक्करीच्या गणितात मी गृहीत धरलेला एक सेकंद

संवेग (वस्तुमान गुणिले वेग), आवेग (संवेगात झालेला बदल), न्यूटनचा तिसरा नियम हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. मलाही येत होतं. तरी तोंडी परीक्षेत असा आपटलो की अजून आठवलं की कान गरम होतात.

गणित साधं होतं. १२०० किलोची गाडी सेकंदाला १५ मीटर वेगाने येतेय, समोरून ८०० किलोची १० मीटरने. धडकून दोन्ही एकमेकींत अडकतात. आघाताचं बल काढा. मी संवेग अक्षय्यता लावली, म्हणजे टक्करीआधीचा आणि नंतरचा एकूण संवेग सारखाच धरला: १८,००० वजा ८,०००, भागिले २०००, म्हणजे दोघींचा मिळून वेग ५. मोठीच्या संवेगात बदल १२,०००, छोटीच्याही १२,०००. लगेच ‘बल = १२,००० न्यूटन’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

परीक्षकांनी वही बघितली आणि विचारलं, "मोठी गाडी नुसती उभी असेल, तर जमिनीवर किती बल पडेल?"

१२०० गुणिले ९.८. "अकरा हजार सातशे साठ," म्हणालो आणि म्हणतानाच घसा कोरडा पडला. म्हणजे माझी समोरासमोरची टक्कर गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढीच निघाली होती!

चूक कुठे झाली ते नीट बघा, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. १२,००० हा आवेग आहे, बल नव्हे. बल हवं तर आवेगाला टक्कर किती वेळ टिकली त्याने भागायचं. गणितात वेळ दिलेला नव्हता, म्हणून मी भागलंच नाही. आणि न भागणं म्हणजे नकळत १ सेकंदाने भागणं. टक्कर ०.१ सेकंदाची असेल तर सरासरी बल १.२ लाख न्यूटन, ०.०१ सेकंदाची असेल तर १२ लाख. गाड्या त्याच, वेग तेच. त्यामुळे नुसतं वस्तुमान आणि वेग देऊन कोणी बल विचारलं, तर माहिती अपुरी आहे असं सरळ सांगा. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये वेळेचा किंवा अंतराचा रकानाच नसेल, तर तो बंद करा. मी असल्या कॅल्क्युलेटरांवर एक अख्खं सत्र घालवलंय.

वेळ आणायचा कुठून? घाबरू नका, पत्रा सांगतो. टेकल्यापासून एकत्र होईपर्यंत सापेक्ष वेग (दोघी एकमेकींकडे येण्याचा, १५ अधिक १०) २५ वरून शून्यावर येतो. बल साधारण एकसारखं धरलं तर सरासरी १२.५. दोन्ही गाड्या मिळून १.२५ मीटर चेपल्या असतील, तर वेळ ०.१ सेकंद. ताळा हवा असेल तर ऊर्जेकडून या: टक्करीत गतिज ऊर्जा १,७५,००० वरून २५,००० जूलवर येते. गेलेल्या १,५०,००० ला १.२५ ने भागा. पुन्हा १.२ लाखच. हे पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी खरंच उठून खोलीत फेऱ्या मारल्या.

वेगाच्या धन-ऋण चिन्हाबद्दल थोडक्यात. एक सीनियर सांगायचा, दोन्ही गाड्यांच्या संवेगातले बदल जुळले की उत्तर बरोबर. साफ चूक. दोन्ही वेग धन घेऊन बघा: वेग १३ येतो, बदल दोन्हीकडे २४००, छान जुळतात. फक्त ते उत्तर मागून धडकणाऱ्या गाडीचं असतं. अशा गुरूंपेक्षा दिशेचा एक बाण काढलेला बरा.

आणि हो, हे १.२ लाख सरासरी आहे. बल वेळेनुसार अर्ध्या साइन लहरीसारखं चढून उतरत असेल, तर कमाल बल सरासरीच्या सुमारे १.५७ पट, म्हणजे १.८८ लाखांच्या आसपास. एखादा बोल्ट टिकेल का हे तपासायचं असेल, तर हा आकडा घ्या.