स्क्रीन रीडरला पडदा दिसत नाही: डेस्कटॉप सॉफ्टवेअर सुगम करताना आलेला अनुभव

सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत आमच्या कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवलेले होते. तेथील एका वरिष्ठ लिपिकांची दृष्टी आजारपणात गेली, ते संगणक नव्याने शिकून पुन्हा कामावर रुजू झाले, आणि संस्थेने आम्हाला कळवले की सॉफ्टवेअर त्यांना वापरता येईल एवढे ‘जरा बघा’. त्या वेळी मला नोकरीत दोन वर्षे झाली होती आणि स्क्रीन रीडर, म्हणजे संगणकावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम, हा शब्द मी केवळ ऐकलेला होता. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्यांनी ‘नवीन ठेव’ ही खिडकी उघडली, टॅब दाबत दाबत ते रक्कम भरण्याच्या चौकटीपाशी आले आणि थांबले. “अहो, रक्कम कुठं टाकायची? हा तर मला पुन्हा पॅन क्रमांक विचारतोय,” असे ते म्हणाले. पडद्यावर मला चौकटीच्या डावीकडे ‘रक्कम’ हा शब्द स्वच्छ दिसत होता, आणि कानावर मात्र ‘पॅन क्रमांक’ पडत होते.

कारण शोधायला मला अर्धा दिवस लागला. आमचे सॉफ्टवेअर विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे विंडोजच्या खिडक्या बनवण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचात, लिहिलेले आहे. त्यात मजकुराच्या चौकटीला स्वतंत्र नाव दिलेले नसेल, तर टॅबच्या क्रमात तिच्या लगेच आधी येणारे लेबल हेच तिचे नाव मानले जाते. पडद्यावर शेजारी काय आहे याला तेथे काडीचीही किंमत नाही. पॅनची चौकट आमच्याकडे पुढे कधीतरी भर म्हणून घातली गेली होती. ती घालणाऱ्याने चौकटींचा टॅबक्रम हाताने जुळवला आणि लेबलांचा तसाच सोडला, कारण लेबलावर फोकस (म्हणजे कळफलकाचा रोख) जातच नाही, मग त्याच्या क्रमाशी कोणाला काय देणेघेणे! परिणामी ‘पॅन क्रमांक’ हे लेबल क्रमात ‘रक्कम’ या चौकटीच्या लगेच आधी येऊन बसले. डोळस माणसाला हा दोष दहा वर्षांतही सापडला नसता. मुक्या चौकटीपेक्षा खोटे नाव सांगणारी चौकट अधिक घातक असते, हे मी तेव्हा शिकलो, कारण मुकी चौकट आली की माणूस निदान विचारतो तरी.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने सर्वांत आधी समजून घ्यावे ते हेच, की स्क्रीन रीडर पडद्याकडे पाहत नसतो. प्रत्येक प्रोग्राम आपल्या खिडक्या, बटणे, याद्या आणि चौकटी यांचे एक झाड पडद्यामागे कार्यप्रणालीच्या स्वाधीन करतो, आणि त्या झाडाच्या प्रत्येक फांदीवर चार गोष्टी नोंदलेल्या असाव्या लागतात: नाव, प्रकार, स्थिती आणि मूल्य. स्क्रीन रीडर हे झाड वाचतो. विंडोजवर ही देवाणघेवाण करणारी जुनी व्यवस्था म्हणजे १९९७ साली आलेली एमएसएए (मायक्रोसॉफ्ट ॲक्टिव्ह ॲक्सेसिबिलिटी), आणि तिच्यानंतरची यूआय ऑटोमेशन. मॅक आणि लिनक्सवर व्यवस्थेचे नाव बदलते, पण तत्त्व तेच राहते. टूलकिटमधील (खिडक्या-बटणांच्या तयार संचातील) तयार बटण वापरले की झाड आपोआप बरोबर तयार होते. आपण एखाद्या चित्रावर क्लिकची आज्ञा लावून ‘बटण’ बनवले, की झाडात ते चित्रच राहते, त्यावर टॅबने जाता येत नाही आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्यापुरते ते अस्तित्वातच नसते. आमच्या मुख्य खिडकीवर अशी अकरा सुंदर चित्रे होती.

दुसरी गोष्ट म्हणजे स्क्रीन रीडर स्वतः चालवायला शिकणे. एनव्हीडीए हा विंडोजवरचा स्क्रीन रीडर मुक्तस्रोत आणि विनामूल्य असल्याने सुरुवात त्यानेच करावी. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने तो २००६ मध्ये लिहायला घेतला, आणि त्याचा बराचसा कोड पायथनमध्ये असल्याने हौस असेल तर आत डोकावून पाहता येते. इन्सर्ट ही त्याची मुख्य कळ आहे. इन्सर्ट आणि टॅब दाबले की फोकस कोठे आहे ते तो सांगतो, इन्सर्ट आणि टी दाबले की खिडकीचे शीर्षक वाचतो, आणि कंट्रोल दाबली की गप्प बसतो. ही शेवटची कळ पहिल्या दिवशी सर्वाधिक लागते. त्यात ‘स्पीच व्ह्यूअर’ नावाची एक खिडकी आहे, जिच्यात बोललेले सगळे लिहूनही दिसते. दोष नोंदवताना ती उपयोगी पडते. पण शिकताना तिच्या नादी लागू नये, कारण डोळे लगेच तिकडे वळतात आणि कान शिकायचे राहून जातात. त्याऐवजी पडदा काळा करणारी ‘स्क्रीन कर्टन’ ही सोय चालू करावी आणि आपल्याच सॉफ्टवेअरमध्ये एक ठेव नोंदवून दाखवावी. मला पहिल्यांदा त्यासाठी चाळीस मिनिटे लागली आणि ठेव चुकीच्या खात्यावर गेली.

आमचे सर्वांत मोठे दुखणे होते ते व्यवहारांचा तक्ता. तो वेगवान दिसावा म्हणून कोणीतरी एका रिकाम्या पॅनेलवर रेघा आणि आकडे रंगवून काढला होता, म्हणजे डोळ्यांना तक्ता आणि झाडात एकच निनावी डबा. एनव्हीडीए त्यावर येऊन ‘पेन’ (इंग्रजी pane, म्हणजे खिडकीचा कप्पा) एवढेच म्हणे. अशा वेळी दोन मार्ग असतात. एक म्हणजे त्या रंगवलेल्या भागासाठी आपणच झाडाच्या फांद्या लिहून द्यायच्या, प्रत्येक ओळ आणि रकाना यांचे नाव व मूल्य पुरवायचे आणि बाणाच्या कळीने जागा बदलली की तशी सूचना पाठवायची. हे मी तीन आठवडे केले. दुसरा मार्ग म्हणजे तो तक्ता काढून टाकून विंडोज फॉर्म्समधला तयार तक्ता, डेटाग्रिडव्ह्यू, वापरायचा, आणि शेवटी केले तेही मीच, चार दिवसांत. नव्या माणसाला पहिला मार्ग अधिक शूरपणाचा वाटतो, मलाही वाटला होता. पण स्वतः लिहिलेले झाड पुढच्या प्रत्येक बदलाबरोबर स्वतःच सांभाळावे लागते.

त्यानंतर मी जी चूक केली ती उत्साहाची होती. प्रत्येक बटणाला नाव देता येते हे कळल्यावर मी ‘ठेवीची नोंद जतन करण्यासाठी हे बटण दाबावे’ अशी नावे साठ-सत्तर ठिकाणी भरली आणि मोठ्या अभिमानाने पुढची आवृत्ती घेऊन साताऱ्याला गेलो. लिपिकसाहेब ज्या वेगाने ऐकतात त्या वेगाने मला एक शब्दही उमगत नव्हता, आणि तरीही माझी नावे त्यांना लांब वाटत होती. “बटण आहे हे तो स्वतःच सांगतो, तुम्ही कशाला सांगता? नुसतं ‘जतन’ म्हणा, म्हणजे ‘ज’ ऐकला की मी पुढं जाईन,” असे त्यांनी सुनावले. नावात प्रकार लिहू नये, ओळखीचा शब्द सर्वांत आधी यावा आणि खुलासा द्यायचाच असेल तर तो वर्णनाच्या वेगळ्या जागी द्यावा, हे नियम मार्गदर्शक दस्तऐवजांत लिहिलेले आहेतच. मला ते त्यांच्याकडून कळले.

न बोलणाऱ्या संदेशांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. शिल्लक अपुरी असली की आमच्या खिडकीच्या तळाशी लाल अक्षरांत तसे लिहून येई. फोकस तेथे जात नसल्याने स्क्रीन रीडरला त्याचा पत्ताच नसे, आणि ‘जतन’ दाबूनही काही का घडले नाही हे माणसाला कळत नसे. विंडोज फॉर्म्स ज्यावर चालते त्या डॉट नेट फ्रेमवर्कच्या ४.८ आवृत्तीपासून लेबल आणि स्थितिपट्टी यांना ‘लाइव्ह’ ठरवून बदल झाला की कळवण्याची सोय आहे. ती वापरली, पण ऊठसूट नाही. घड्याळाचा सेकंद बदलला तरी बोलणारी खिडकी कोणालाच नको असते.

आता मराठीत काम करणाऱ्यांच्या वाट्याला येणारे खास संकट, ज्याची इंग्रजी मार्गदर्शिकांत चर्चा सापडणार नाही. आमच्याकडील खातेदारांची जुनी नावे युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, नव्हती. जुन्या मराठी फॉन्टांमध्ये देवनागरीचे आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवलेले असत, त्यामुळे पडद्यावर ‘शिर्के’ दिसले तरी साठवलेली असते ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी, आणि स्क्रीन रीडर प्रामाणिकपणे ती खिचडीच वाचतो. रूपांतर करणे हा एकच उपाय आहे, आणि ते नुसत्या अक्षरबदलाने होत नाही. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी दिसते तशी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते, तर युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर लागते. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, तर युनिकोडमध्ये तो ‘र’ आणि हलन्त म्हणून अक्षराच्या आधी. म्हणजे ‘शिर्के’ या एवढ्याशा आडनावात वेलांटी पुढे सरकवायची आणि रफार मागे आणायचा. जोडाक्षरावर वेलांटी आली की ती संपूर्ण जोडाक्षर ओलांडून न्यावी लागते. या रूपांतराला बाकी सर्व कामांपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी प्रत्येक शाखेतील नावे डोळ्यांनी तपासूनच आम्ही ती स्वीकारली.

त्याच अनुषंगाने दोन बारीक गोष्टी. बटणाच्या नावातील देवनागरी अक्षरालाच ऑल्टचा शॉर्टकट दिला, तर कळफलक इंग्रजीवर असताना तो चालत नाही, म्हणून नावापुढे कंसात रोमन अक्षर द्यावे. आणि लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम दिलेली रक्कम काही इंग्रजी आवाज तुकडे पाडून वाचतात, तेव्हा रकमा प्रत्यक्ष त्या वापरणाऱ्याच्या आवाजात ऐकून पाहाव्यात.

तुमचे सॉफ्टवेअर विंडोज फॉर्म्सऐवजी जावा स्विंग या टूलकिटमध्ये असेल तर वापरणाऱ्याच्या संगणकावर जावा ॲक्सेस ब्रिज, म्हणजे जावाचे झाड स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवणारा दुवा, सुरू आहे ना, हे प्रथम पाहावे. क्यूट आणि डब्ल्यूपीएफ या टूलकिटांच्या आपापल्या सोयी आहेत. वेबच्या तंत्राने डेस्कटॉप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलेक्ट्रॉनमध्ये वेबचे नियम लागू पडतात. तपासणीसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘ॲक्सेसिबिलिटी इनसाइट्स’ हे विनामूल्य साधन झाड उघडून दाखवते आणि निनावी बटणे लगेच पकडते. मात्र नाव आहे की नाही एवढेच ते सांगू शकते. ‘रक्कम’च्या जागी ‘पॅन क्रमांक’ हे नाव त्याला पूर्णपणे मान्य असते.

नोकरीच्या दृष्टीने विचाराल, तर मागणी कायद्यामुळे वाढते आहे. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आणि आयएस १७८०२ हे सुगम्यतेचे भारतीय मानक आहे, आणि युरोपात २८ जून २०२५ पासून तेथील सुगम्यता कायदा लागू झाल्याने बाहेरची कामे करणाऱ्या कंपन्यांना सुगम्यतेचे काम जाणणारी माणसे हवी आहेत. आयएएपी या सुगम्यता-व्यावसायिकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची सीपीएसीसी ही प्रमाणपत्र परीक्षा द्यायला हरकत नाही. पण मुलाखतीत मी स्वतः उमेदवाराला एनव्हीडीए लावलेला संगणक देतो, माउस काढून घेतो आणि एक दोष शोधायला सांगतो. अंध परीक्षकांकडून काम करून घेणार असाल तर त्यांना इतर परीक्षकांइतकेच मानधन द्या. ‘जरा ऐकून सांगा ना’ म्हणून फुकट करून घेतलेली तपासणी मी सुरुवातीला पुष्कळ केली आहे.

आमच्या यादीत अजून एक नोंद उघडी आहे. छपाईपूर्वीचे पूर्वदृश्य हे आजही निव्वळ चित्र आहे, आणि लिपिकसाहेब महिनाअखेरचा अहवाल एक्सेलमध्ये काढून तेथे वाचतात. त्यांचा त्याबद्दलचा फोन दर महिन्याच्या १ तारखेला येतो.