बाथटबचं पाणी हळू जातंय? जुन्या घरात या चुका टाळा

टबमधलं पाणी तुंबायला लागलं की पहिला हात जातो ड्रेन क्लीनरच्या बाटलीकडे, आणि जुन्या घरात नेमकं तेच करू नका. या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो, पाण्यात पडला की तो तापतो, आणि चोकअप सुटला नाही तर तेच दाहक पाणी टबमध्ये साचून राहतं, मग त्यात हात कोण घालणार? त्यावर अ‍ॅसिड तर अजिबात ओतायचं नाही, जोरात उकळी येऊन अंगावर उडतं. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, ते वेगळंच. आधीच काही ओतून बसला असाल तर प्लंबरला ते आल्या आल्या सांगा, लाजू नका.

उकळतं पाणी पण नको. जुन्या टबच्या इनॅमलला तडा जाऊ शकतो आणि खाली कुणी पीव्हीसी पाइप जोडला असेल तर तो मऊ पडतो. बेकिंग सोडा आणि व्हिनेगर? फेस छान येतो, केस विरघळत नाहीत. विषय संपला.

आता मुद्द्याचं. पाणी हळू का होईना उतरतंय, म्हणजे बहुतेक वेळा केस आणि साबणाच्या मळीचा गुंता तोंडाजवळच असतो. लोक फक्त खालच्या जाळीत काडी घालून बघतात आणि टबच्या भिंतीवर वर जी गोल प्लेट असते, ओव्हरफ्लोची (टब भरून वाहू नये म्हणून जास्तीचं पाणी जायचं भोक), तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. त्या प्लेटवर छोटा लिव्हर असेल तर मागे एक लांब दांडी आत लटकलेली असते आणि सगळे केस तिच्याच टोकाला गुंडाळलेले असतात. आधी खालच्या भोकावर फडकं टाका, नाहीतर स्क्रू थेट पाइपात जाईल, मग प्लेटचे स्क्रू काढून दांडी सावकाश वर ओढा, काळी बुळबुळीत शेपटी बाहेर येईल, वास सहन करा. दांडीवरचा नट मात्र हलवू नका, हलवायचाच असेल तर आधी खूण करा. कारण दांडीची लांबी बिघडली की स्टॉपर, म्हणजे पाणी अडवणारं बूच, अर्धवट बंद राहतो, आणि मग पाइप स्वच्छ असूनही पाणी रेंगाळतंच, माणूस उगाच चोकअप शोधत बसतो.

प्लंजर (दांड्याला रबरी वाटी असलेला पंप) मारताना पण हीच प्लेट नडते. ओव्हरफ्लो उघडा असेल तर सगळा जोर तिथूनच निघून जातो, म्हणून तिथे ओलं फडकं घट्ट दाबून धरा आणि प्लंजरचं रबर बुडेल एवढं पाणी टबमध्ये ठेवा. क्लीनर ओतलेला असेल तर प्लंजर नकोच, डोळ्यात उडेल.

स्प्रिंग, म्हणजे चोकअप काढायची लांब लवचिक तार, घालायची असेल तर ती ओव्हरफ्लोमधून घाला, खालच्या भोकातून घातली तर लगेचच्या वळणावर अडते आणि लोक तिथे ताकद लावत बसतात.

खूप जुन्या घरात अजून एक भानगड असते, ड्रम ट्रॅप. टबशेजारी जमिनीत गोल धातूचं झाकण दिसलं तर समजा तोच. आत डब्यासारखी पोकळी असते, गाळ आणि केस तळाशी साचतात, आणि स्प्रिंग आत गेली तरी पुढे न जाता तिथेच गोल गोल फिरते, बाहेरून वाटतं खूप आत गेली. झाकण उघडूनच साफ करावं लागतं. पण ते वर्षानुवर्षं जाम झालेलं असतं आणि खालचा डबा शिशाचा असेल तर पान्याने हिसका दिला की फाटतो. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर थांबा, तरी हललं नाही तर प्लंबरला बोलवा.

बेसिनचं पाणी पण हळू जातंय किंवा टब रिकामा होताना दुसरीकडे गुडगुड आवाज येतोय, तर दोष टबचा नाही, मेन लाइन किंवा व्हेंट पाइप (ड्रेनेजला हवा देणारा पाइप) तपासा. आणि सगळं साफ करूनही काही आठवड्यांत परत तेच, आणि पाइप जुने जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे), तर आतून गंज चढून भोकच बारीक झालेलं असतं, तिथे स्प्रिंग मारत बसण्यापेक्षा तेवढा तुकडा बदलून घेतलेला परवडतो.