सॉफ्टवेअर मधेच बंद पडतंय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगर या औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमधून फोन आला. "सर, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडलं की दोन मिनिटांत उडतंय बघा. फॉरमॅट मारून टाका एकदाचं."

कोल्हापुरात संगणक दुरुस्तीला आलेल्या दहातल्या सात जणांच्या तोंडी हेच वाक्य असतं, आणि सगळ्यात मोठी चूकही हीच. क्रॅश झालेलं सॉफ्टवेअर जाताना आपली नोंद ठेवून जातं. फॉरमॅट मारला की ती नोंद पुसली जाते, आणि बिघाड हार्डवेअरमध्ये असेल तर तो तिथेच राहतो.

ती नोंद आधी वाचा. विंडोजच्या स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' टाइप केलं की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येतं. ज्या दिवशी सॉफ्टवेअर पडलं, त्या दिवसावर लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून खालच्या नोंदीचा तपशील उघडा. त्यात 'फॉल्ट मॉड्यूल नेम' ही ओळ महत्त्वाची. सॉफ्टवेअर ज्या भागात (मॉड्यूलमध्ये) पडलं, त्या फाइलचं नाव तिथे असतं. दर वेळी एकच सॉफ्टवेअर आणि एकच मॉड्यूल दिसत असेल, तर दोष बहुधा त्या सॉफ्टवेअरचा, त्याच्या ॲड-इनचा (वरून जोडलेल्या छोट्या सॉफ्टवेअरचा) किंवा ड्रायव्हरचा (प्रिंटर, स्क्रीन वगैरे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा). नुसतं 'एनटीडीएलएल' दिसलं म्हणून ती फाइल खराब आहे असं समजू नका. ती विंडोजची मूळ फाइल आहे, दुसऱ्याच्या चुकीतही तिचं नाव येतं.

वर्कशॉपच्या त्या मशीनवर सोमवारी ड्रॉइंग पडलं होतं, मंगळवारी एक्सेल, बुधवारी ब्राउझर, आणि मॉड्यूल दर वेळी वेगळं. असं दिसलं की मी आधी रॅमवर संशय घेतो. कॅबिनेट उघडलं तर ग्राइंडिंगची काळी धूळ स्लॉटपर्यंत बसलेली. लोखंडाची धूळ वीज वाहून नेते, म्हणून ती साध्या धुळीपेक्षा वाईट. प्लग काढून मऊ ब्रशनं साफ केलं, रॅमची एकेक पट्टी लावून विंडोजची मेमरी टेस्ट चालवली. दुसऱ्या पट्टीवर एरर आले. पट्टी बदलली, काम झालं.

इथं एक कळकळीची विनंती. वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरची हवा कॅबिनेटमध्ये थेट मारू नका. तिच्यात पाणी आणि तेलाचा अंश असतो, आणि त्या जोरानं पंख्याचं बेअरिंग जातं.

दुसरी चूक: 'अमुक डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी जोडफाइल) सापडत नाही' असं आलं की कुठल्याही साइटवरून ती फाइल उतरवायची. त्यातून व्हायरस येऊ शकतो. सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करा, लागल्यास मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लसचं पॅकेज घ्या. विंडोजच्याच फाइली बिघडल्याचा संशय असेल, तर ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून 'एसएफसी' ही कमांड 'स्कॅननाऊ' पर्यायासह (sfc /scannow) चालवा.

हँग (सॉफ्टवेअर थिजणं) आणि क्रॅश (बंद पडणं) यांतही गल्लत होते. 'नॉट रिस्पॉन्डिंग' आलं की लगेच बटण दाबून मशीन बंद करू नका. मोठी फाइल उघडताना पाच मिनिटं थांबा.

डीटीपीवाल्यांसाठी एक: सॉफ्टवेअर उघडतानाच पडत असेल तर डिफॉल्ट प्रिंटर बदलून 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' ठेवून बघा. अनेकदा दोष प्रिंटरच्या ड्रायव्हरचा निघतो. तो नसेल, तर नुकताच टाकलेला फॉन्ट काढून बघा.

आणि दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी रिलायबिलिटी हिस्टरीतल्या त्या तपशिलाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा पडलं की दुसरा काढा. मॉड्यूल तेच आहे की बदललं, हे दोन फोटो शेजारी ठेवले की दिसतं.