मुलाखतींवर आधारित प्रबंध: ध्वनिमुद्रणापासून प्रकरणापर्यंत

आधी सगळ्या मुलाखती उरकायच्या, मग सगळ्यांचं शब्दांकन करायचं (ऐकून शब्दशः लिहून काढायचं) आणि शेवटी विश्लेषणाला बसायचं, अशी रांग लावली की प्रबंध हमखास रखडतो. पंधरा मुलाखती झाल्यावर पहिलं शब्दांकन वाचताना लक्षात येतं की कळीचा प्रश्न कुणालाच विचारलेला नाही, आणि तोवर त्या माणसांकडे पुन्हा जाणं अवघड झालेलं असतं. म्हणून दर दोन-तीन मुलाखतींनंतर थांबा, शब्दांकन करा, वाचा, आणि प्रश्न दुरुस्त करूनच पुढच्या माणसाकडे जा.

तासाभराच्या मुलाखतीला सात-आठ मोकळे प्रश्न पुरतात. प्रबंधाचा प्रश्न जसाच्या तसा विचारू नका. ‘तुमच्या स्थलांतराची कारणं काय?’ याला दोन वाक्यांचं तयार उत्तर मिळतं. ‘गाव सोडायचं ठरत होतं तेव्हा घरात काय बोलणं चालायचं?’ असं विचारलं की माणूस प्रसंग सांगू लागतो. उत्तर संपल्यासारखं वाटलं तरी चार-पाच सेकंद गप्प राहा. बरेचदा महत्त्वाचं त्यानंतरच येतं.

नैतिकता समितीची मंजुरी लागत असेल तर ती पहिल्या मुलाखतीच्या आधी हवी. नंतर घेतलेली मंजुरी मागच्या मुलाखतींना सहसा लागू होत नाही. संमतीपत्रात ध्वनिमुद्रण कोण ऐकणार, ते किती काळ ठेवणार आणि कोणत्या तारखेपर्यंत माघार घेता येईल हे स्पष्ट लिहा. नाव बदलायचं की खरं ठेवायचं, हेही विचारा. मौखिक इतिहासात अनेकांना आपलं खरं नावच हवं असतं.

मुद्रणासाठी दोन उपकरणं ठेवा. फोन विमान मोडवर टाका, कारण मध्येच कॉल आला तर मुद्रण थांबू शकतं. पंखा आणि भांड्यांचा आवाज नंतर पूर्णपणे काढता येत नाही, त्यामुळे अर्ध्या मिनिटाची चाचणी घेऊन ती ऐकूनच सुरुवात करा. त्याच दिवशी फाइलच्या तीन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्या जागी ठेवा. मुलाखतीचा कोणता क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फाइलमध्ये असावी. शिवाय झोपण्याआधी अर्धं पान टिपण लिहा: खोलीत आणखी कोण होतं, कोणत्या प्रश्नावर आवाज बदलला, कोणता विषय टाळला गेला. हे मुद्रणात नसतं आणि आठवडाभरात डोक्यातूनही जातं.

एका तासाच्या मुद्रणाच्या शब्दांकनाला साधारण चार ते सहा तास लागतात. दोघं एकदम बोलत असतील तर आणखी. आपोआप शब्दांकन करणारं सॉफ्टवेअर कच्चा मसुदा देतं, पण बोली आणि विशेषनामं यांत ते चुकतं, अडखळणं गाळतं, आणि शांततेच्या जागी कुणीच न बोललेली वाक्यंही घालू शकतं. त्यामुळे पूर्ण मुद्रण ऐकत मसुदा तपासावाच लागतो. शिवाय फाइल परक्या सर्व्हरवर चढवायला संमतीपत्राची मुभा आहे का, ते आधी पाहा. बोली प्रमाण करू नका. [हसतात], [४ सेकंद शांतता], [अस्पष्ट, २३:१०] अशा खुणा सगळीकडे एकसारख्या वापरा.

आता संकेतन, म्हणजे कोडिंग: शब्दांकनातल्या प्रत्येक तुकड्याला त्यात काय आहे हे सांगणारं छोटं नाव, म्हणजे कोड, देणं. पहिल्या तीन मुलाखती ओळीओळीने घ्या आणि कोडची नावं शक्यतो कृतीची ठेवा. ‘आर्थिक’ हा कोड काहीच सांगत नाही. ‘भाडं सासरपासून लपवणं’ बरंच सांगतो. प्रत्येक कोडची एका ओळीची व्याख्या, त्यात काय बसतं, काय बसत नाही आणि एक नमुना, एवढं कोडवहीत हवंच. हे नसेल तर तोच कोड महिन्याभराने तुम्ही वेगळ्या अर्थाने वापराल. व्याख्या बदलली की जुन्या मुलाखतींवरही पुन्हा हात फिरवा. दहा-पंधरा मुलाखतींना स्प्रेडशीट पुरते. टॅगेट किंवा क्वालकोडर ही कोडिंगची सॉफ्टवेअरं मोफत मिळतात. सॉफ्टवेअर उतारे शोधून देतं, अर्थ लावत नाही.

कोड जुळवून सूत्रं, म्हणजे मुलाखतींतून निघणारे मुख्य मुद्दे, काढताना सर्वांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे शिक्षण, रोजगार, आरोग्य अशी सूत्रं काढणं. तुमचीच प्रश्नावली परत आली, एवढाच त्याचा अर्थ. सूत्र असं पूर्ण वाक्य हवं, जे खोटंही ठरू शकेल: ‘पैसे पाठवणाऱ्या मुलींना घरच्या निर्णयात मत मिळतं, पण स्वतःच्या लग्नाबाबत नाही.’ मग याच्या विरुद्ध जाणारी मुलाखत मुद्दाम शोधा. ती सापडली तर वाक्य अधिक नेमकं होतं.

किती मुलाखती पुरेशा? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन या संशोधकांनी २००६ मध्ये ६० मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतांश कोड पहिल्या १२ मध्येच आले होते. पण त्यातल्या सहभागी स्त्रिया बऱ्यापैकी एकसारख्या गटातल्या होत्या आणि प्रश्नांचा साचाही ठरलेला होता. १२ हा आकडा नियम म्हणून प्रबंधात टाकू नका. तुमच्या कितव्या मुलाखतीनंतर नवे कोड येणं थांबलं, ते तक्त्यात दाखवा.

प्रकरण लिहिताना प्रत्येक अवतरणाआधी तुमचं विधान आणि नंतर तुम्ही लावलेला त्याचा अर्थ हवा. सोबत मुलाखतीचा क्रमांक आणि मुद्रणातली वेळ. मसुदा झाला की कोणाची किती अवतरणं आली ते मोजा. दोन बोलक्या माणसांनीच अर्धं प्रकरण व्यापलं असेल, तर कमी बोललेल्यांची शब्दांकनं पुन्हा उघडा.